गॅलेनावरचे ओरखडे जात नाहीत, करडे ठिपके दिसतात: मऊ खनिजांच्या पॉलिश सेक्शनची नेहमीची भानगड

दर उन्हाळ्यात हाच फोन येतो, म्हणून यंदा एकदाच बसून सगळं लिहून काढून राहिलो. "दादा, गॅलेनाचा ब्लॉक घासून घासून हात दुखून आले, ओरखडे काही जात नाहीत, आणि गेले असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत दिसतात." ब्लॉक म्हणजे खनिजाचा तुकडा रेझिनमध्ये बसवून मायक्रोस्कोपखाली बघायला चकचकीत घासलेला, त्यालाच पॉलिश सेक्शन म्हणतात, आणि गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. कधी गॅलेनाच्या जागी मॉलिब्डेनाइट असतं, कधी स्टिब्नाइट, कधी आपल्याकडचं मँगनीज असेल तर पायरोल्युसाइट. तक्रार तीच. शेजारचं पायराइट आरशासारखं चकाकतंय, क्वार्ट्झ गुळगुळीत, आणि ज्याच्यासाठी ब्लॉक बनवला ते मऊ खनिज मात्र मांजरीने नखं मारल्यासारखं.

मी नागपुरात ओर मायक्रोस्कोपीचे ब्लॉक बनवायचं आणि बघायचं काम करतो, बरीच वर्षं झाली. आमची लॅब दोन खोल्यांची. एका खोलीत घासकाम, दुसऱ्या खोलीत मायक्रोस्कोप. घासकामाला काका आहेत, माझ्याही आधीपासूनचे, आणि खाली लिहिलेल्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकलोय, उरलेलं निम्मं चुका करून.

आधी माझी स्वतःचीच चूक सांगतो, कारण ती सगळ्यात महागात पडली. एमएस्सीची एक पोरगी झावरचे गॅलेनाचे ब्लॉक घेऊन आली होती. झावर म्हणजे उदयपूरजवळचं, डोलोमाइटमधलं शिसं-जस्त. ब्लॉक तिने स्वतः दुसरीकडे कुठेतरी घासले होते. तिच्या नोंदवहीत लिहिलेलं होतं, "गॅलेनात स्फॅलेराइटचे बारीक कण, सगळीकडे विखुरलेले." स्फॅलेराइट म्हणजे जस्ताचं खनिज. मी बघितलं. पांढऱ्याशुभ्र गॅलेनात करडे ठिपके, १५-२० मायक्रॉनचे, गॅलेनापेक्षा कठीण, करड्याची छटा अगदी स्फॅलेराइटची. जागा झावर, म्हणजे स्फॅलेराइट असायलाच पाहिजे. मी म्हटलं बरोबर आहे, लिही पुढे. तिने त्याच्यावर दोन पानं लिहिली, एक्ससोल्यूशन (एका खनिजातून दुसरं वेगळं पडणं) का रिप्लेसमेंट (एकाची जागा दुसऱ्याने घेणं) वगैरे.

आठवड्याने काका सहज मायक्रोस्कोपवर डोळा लावून गेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे स्फॅलेराइट काहून फक्त गॅलेनातच आहे बे? बाजूच्या डोलोमाइटात एक कण नाही. आणि याले टोकं पाहा, फुटक्या काचेवानी." परत बघितलं तर खरंच. प्रत्येक ठिपका टोकदार, काही ठिपक्यांच्या मागे एक बारीक ओरखडा, म्हणजे कण घासत घासत आला आणि तिथे रुतून बसला. ते स्फॅलेराइट नव्हतंच, सॅंडपेपरचं सिलिकॉन कार्बाइड होतं. ब्लॉक घासताना कागदावरून सुटलं आणि गॅलेनात घुसलं.

आता हे फसवतं का, ते नीट समजून घ्या, कारण डोळ्याचा दोष नाही, हिशोबच तसा आहे. पारदर्शक असलेल्या वस्तूची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती परत फिरतो ते, तिच्या अपवर्तनांकावरून काढता येते: अंकातून एक वजा करा, अंकात एक मिळवा, भागाकार करा, वर्ग करा. स्फॅलेराइटचा अंक २.३७ च्या आसपास, परावर्तकता निघते साडेसोळा टक्के. हिऱ्याचा २.४२, म्हणजे १७ टक्के. सिलिकॉन कार्बाइडचा २.६५, म्हणजे २० टक्के. गॅलेना ४३ च्या आसपास. एवढ्या पांढऱ्या गॅलेनाच्या मांडीवर बसलेला १७ चा कण आणि २० चा कण डोळ्याला काय वेगळा दिसणार, दोन्ही करडेच. तेलातलं ऑब्जेक्टिव्ह (ब्लॉक आणि भिंगाच्या मध्ये तेलाचा थेंब घालून वापरायचं) लावलं तरी स्फॅलेराइट ५ च्या जवळ, हिरा पाचच्या थोडा वर, कार्बाइड सातच्या वर. म्हणजे डायमंड पेस्टचा कण रुतला असेल तर तेलातही सुटका नाही. कार्बाइड तेलात थोडं उजळ राहतं, पण त्यासाठी शेजारी खात्रीचं स्फॅलेराइट पाहिजे तुलनेला.

मग ओळखायचं कसं. पहिलं, ठिपके फक्त मऊ खनिजातच आहेत का ते बघा. खडकातून आलेलं खनिज क्वार्ट्झच्या कडेला, डोलोमाइटात, पायराइटच्या फटीत, कुठे ना कुठे दिसेलच. दुसरं, आकार. ६०० नंबरच्या कागदाचे कण साधारण १५ ते २५ मायक्रॉनचे, कोणत्या पद्धतीचा नंबर आहे त्यावर फरक पडतो, आणि ठिपके सगळे एकाच मापाचे असतील तर संशय घ्या, निसर्ग असा चाळणी लावून कण टाकत नाही. तिसरं, निकॉल, म्हणजे मायक्रोस्कोपमधल्या ध्रुवणाच्या दोन चकत्या, क्रॉस करून (एकमेकींना आडव्या लावून) दिवा वाढवा. झावरच्या स्फॅलेराइटात आतून मधासारखी पिवळी किंवा तपकिरी चमक येते, आमच्या ठिपक्यांत तसलं काहीच नव्हतं. आणि एक गोष्ट उपयोगाची नाही, ती पण सांगतो: काल्ब रेषा, म्हणजे दोन खनिजांच्या सीमेवरची उजळ रेषा, जी फोकस हलवला की सरकते आणि मऊ कोणतं ते सांगते. लोक लगेच काल्ब रेषा बघायला धावतात. पण स्फॅलेराइट पण गॅलेनापेक्षा कठीण, कार्बाइड पण कठीण, दोघांतही रेषा गॅलेनाकडेच सरकणार, मग त्यावरून काय कळणार.

पक्की टेस्ट एकच, ब्लॉक पुन्हा खाली घासायचा. रुतलेले कण वरच्यावर असतात. शंभर-दीडशे मायक्रॉन काढून टाकले आणि या वेळी रुतू दिले नाहीत, तर खडकातले कण नव्या पातळीवर तेवढेच दिसले पाहिजेत, आणि बाहेरून आलेले गायब झाले पाहिजेत.

पण या वेळी रुतू द्यायचे नाहीत म्हणजे काय करायचं, तर इथे काकांची मेणबत्ती येते. साधी पांढरी मेणबत्ती, किराणा दुकानातली. ती सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर आडवी धरून एकदा हलक्या हाताने फिरवायची, कागदावर मेणाचा पातळ थर बसतो. कण सुटला तर तो मेणात अडकतो, सरळ गॅलेनात जात नाही. शिसं, कथील असल्या मऊ धातूंवर काम करणारे लोक पण हेच करतात, गॅलेना शेवटी शिशाचाच भाऊ, मोह्जच्या कठीणपणाच्या मापावर २.५. पाणी चालू ठेवायचं, दाब असा की ब्लॉक फक्त स्वतःच्या वजनाने कागदावर बसलाय. काकांचं म्हणणं, "हात ठेव, हात दाबू नको." बारीक कागद जास्त धोक्याचा बरं का, कारण त्याचे कण लवकर तुटतात आणि तुटलेले तुकडेच रुततात, म्हणून १००० चा कागद घाई न करता पण थोडाच वेळ, आणि घासून पांढरा पडलेला जुना कागद मऊ खनिजाला कधीच नको. दहा रुपयांच्या कागदाची बचत करून दोन दिवस घालवणारे पोट्टे मी बघितलेत. त्यांच्यात एकेकाळी मीही होतो.

मेण वापरलं की धुणं आलं. साबणाचं पाणी, कापसाचा बोळा, मेण चिकटून राहिलं तर टर्पेंटाइनचा बोळा, मग परत साबण. प्रत्येक टप्प्यानंतर अल्ट्रासॉनिक बाथमध्ये २०-३० सेकंद. तिथेही लालूच नको, पाच मिनिटं ठेवून देतात आणि गॅलेनाचे तुकडे उचकटून बाहेर येतात, मग म्हणतात खड्डे कुठून आले.

खड्ड्यांवरून आठवलं. गॅलेनाचे त्रिकोणी खड्डे सगळ्यांना माहीत असतात, गॅलेना तीन ठरावीक दिशांना सपाट फुटतं त्यामुळे पडतात, ओळखायला सगळ्यात सोपी खूण. पण खूण म्हणजे दोन-चार त्रिकोण. सगळ्या फील्डमध्ये त्रिकोणच त्रिकोण असतील तर ब्लॉक घासलेला नाही, ओरबाडलेला आहे. डायमंड पेस्टच्या ६ मायक्रॉनच्या टप्प्याला जोर जास्त लागलाय, मागे जा. पुढे १ मायक्रॉनवर कितीही वेळ दिला तरी ते खड्डे भरणार नाहीत, उलट कडा गोल होतील आणि खड्डा आणखी खोल वाटेल.

आता मूळ तक्रारीकडे, ओरखडे परत का येतात. गेले आणि परत आले, हा भाग महत्त्वाचा आहे. कुठेतरी जाड ग्रिट (घासायचे भरड कण) लपून बसलंय आणि शेवटच्या कापडावर बाहेर पडतंय. नव्वद टक्के वेळा ते रेझिन आणि दगडाच्या मधल्या फटीत असतं. आणि ही फट नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये जास्त पडते. बाहेर ४४-४५, खोलीत ३५ च्या वर, एपॉक्सी आणि हार्डनर एकत्र केलं की कप हातात गरम लागतो, डोळ्यासमोर घट्ट होतं. घाईत घट्ट झालेलं रेझिन गरम होतं, मग थंड होताना आकसतं, दगडापासून केसाएवढं सुटतं. त्या केसाएवढ्या फटीत २२० चं ग्रिट जाऊन बसतं, ४०० ला नाही निघत, ६०० ला नाही निघत, आणि शेवटच्या बारीक कापडावर अलगद बाहेर येऊन गॅलेनावरून एक लांब रेघ ओढून जातं. बघणाऱ्याला वाटतं कापड खराब आहे, म्हणून कापड बदलतो, आणि नवं कापडही खराब करतो.

यावर आम्ही करतो ते असं, की उन्हाळ्यात रेझिन सकाळी सातच्या आत ओततो, एका वेळी चार ब्लॉकपुरतंच कालवतो, मोठा कप भरून कधीच नाही कारण जेवढा मोठा गोळा तेवढी जास्त उष्णता. नमुना आधी पूर्ण कोरडा करायचा. व्हॅक्यूम असेल तर बुडबुडे काढून घ्यायचे, नसेल तर दगडाच्या तोंडावर पातळ रेझिनचा हात आधी मारून ठेवायचा. घासायला घेण्याआधी हँडलेन्सने कड बघायची. फट दिसली की त्यात थेंबभर पातळ रेझिन सोडून परत एक रात्र, कंटाळा येतो पण दुसरा रस्ता नाही. आणि ब्लॉकची धारदार कड कागदावर तिरपी धरून मोडून टाकायची, नाहीतर ती कापड कापते आणि कापडाचे धागेच ओरखडे काढतात.

दुसरा चोर आमच्याकडचा खास आहे, कूलर. हसू नका. घासकामाच्या खोलीत मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नाही, पण कूलर बाहेरची धूळ आत ओढतो, खसची जाळी किती धूळ अडवणार. आमचा कूलर तीन वर्षं सरळ पॉलिशिंगच्या टेबलाकडे तोंड करून होता. धुळीत क्वार्ट्झ असतो, क्वार्ट्झ ७, गॅलेना २.५. उघड्या कापडावर रोज क्वार्ट्झचा सडा. कळलं कसं, तर एकदा रविवारी लॅब बंद होती, सोमवारी काकांनी कोरडं कापड सरळ स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला बोलावलं. धाग्यांमध्ये मातीचे कण चमकत होते. तेव्हापासून प्रत्येक कापडाला स्वतःचा झाकणाचा डबा, डब्यावर मायक्रॉन लिहिलेलं, आणि १ मायक्रॉनचं कापड ६ च्या डब्यात ठेवणाऱ्याला सगळ्यांचा चहा.

कापडाची निवड ही तर वेगळीच कथा. एकदा पैसे वाचवायला मी सीताबर्डीवरून मस्त जाड मखमल आणली, हात लावला की मऊ मऊ, म्हटलं मऊ खनिजाला मऊ कापड. ओरखडे खरंच गेले! आणि ओरखड्यांच्या बदल्यात मिळालं काय, तर क्वार्ट्झ बेटासारखा वर, गॅलेना तळ्यासारखं खाली, आणि मध्ये काळपट कडा, ज्यात फोकसच होत नाही. लांब लवेचं कापड मऊ खनिजात खोलवर जाऊन ते पोखरतं, कठीण खनिज तसंच राहतं. म्हणजे ओरखडा आणि उठाव या दोघांत सौदा करायचा असतो. बिनलवेच्या कडक कापडावर ६ आणि ३ मायक्रॉन, तिथे पृष्ठभाग सपाट राहतो. मग १ मायक्रॉन आखूड लवेवर, भरपूर वंगण घालून आणि थोडाच वेळ, कारण बारीक डायमंड पण मऊ वस्तूत रुततं. शेवटी अॅल्युमिना, ०.०५ चा, मिनिट-दोन मिनिटं, बस. बारीक केसासारखे दोन-चार ओरखडे उरले तर उरू द्या. गॅलेनात ओरखडा उरतो आणि चॅल्कोपायराइटात उरत नाही, हीच मुळात कठीणपणाची माहिती आहे: एकच ओरखडा दोन खनिजांवरून गेला असेल तर तो मऊ खनिजात रुंद आणि खोल दिसतो. रिपोर्टच्या फोटोसाठी जीव काढू नका.

थोडा उठाव असला तर काल्ब रेषा मस्त दिसते, ती इथे खऱ्या कामाची. दोन खनिजांच्या सीमेवर फोकस करा, डायाफ्राम थोडा बंद करा, आणि स्टेज हळूच खाली न्या, म्हणजे ब्लॉक आणि ऑब्जेक्टिव्हमधलं अंतर वाढवा. उजळ रेषा मऊ खनिजाकडे सरकते. उलट दिशेने फिरवून उलट उत्तर लिहिणारे दर बॅचला दोघं तरी असतात, म्हणून आधी ओळखीच्या जोडीवर, गॅलेना आणि पायराइटवर, हात बसवून घ्या.

आणखी एक फसवणूक, सारवण. गॅलेना, ग्रॅफाइट, मॉलिब्डेनाइट हे घासताना लोण्यासारखे पसरतात. शेजारच्या क्वार्ट्झच्या भेगेत गॅलेना सारवलं गेलं की हुबेहूब शीर दिसते, "गॅलेनाची शीर क्वार्ट्झ कापते" असं लिहून मोकळे होतात आणि पॅराजेनेसिसचा, म्हणजे कोणतं खनिज आधी आणि कोणतं नंतर तयार झालं याचा, अख्खा क्रम उलटा होतो. ती शीर तेलात बघा, कडा पुसट आणि पातळ असेल, आत त्रिकोण नसतील, तर ब्लॉक अॅल्युमिनावर परत अर्धा मिनिट फिरवून बघा राहते का. मॉलिब्डेनाइट आणि स्टिब्नाइटमध्ये दाबामुळे पानंच वाकतात, क्रॉस निकॉलमध्ये लाटेसारखी काळी सावली फिरते, आणि लोक त्याला टेक्टॉनिक डिफॉर्मेशन म्हणतात. असतंही कधी कधी. पण हलक्या हाताने परत घासून सावली तशीच राहिली तरच म्हणा.

आता ज्याने मला एकदा सेमिनारमध्ये घाम फोडला तो मुद्दा. गॅलेना आयसोट्रोपिक (सगळ्या दिशांना सारखं) आहे, क्यूबिक, क्रॉस निकॉलमध्ये स्टेज फिरवला तर काही बदलायला नको. माझं गॅलेना बदलत होतं, चक्क उजळ-काळं-उजळ. मी गॅलेना नाहीच म्हणून दुसरी नावं शोधायला बसलो. कारण एवढंच होतं, की शेवटच्या टप्प्यात मी ब्लॉक एकाच दिशेने ओढला होता आणि बारीक समांतर ओरखड्यांचं जाळं पडलं होतं, ते ओरखडेच निकॉलमध्ये उजळतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. खोटी अॅनायसोट्रोपी (फिरवल्यावर असं बदलणं) असेल तर सगळे कण स्टेजच्या एकाच कोनाला एकदम उजळतात, कारण ओरखडे सगळ्यांवर एकाच दिशेला. खरी असेल तर प्रत्येक कण आपल्या मर्जीने, वेगवेगळ्या कोनाला. शेवटच्या कापडावर ब्लॉक चकतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने गोल फिरवत राहिलं की ही अडचण येतच नाही.

आपल्या भागातल्या मँगनीजचं थोडं वेगळं. मनसर, कांद्री, गुमगाव, तिकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, या पट्ट्यातल्या ब्लॉकमध्ये ब्राउनाइट कठीणपणात सहाच्या वर आणि त्याच्याच मांडीला पायरोल्युसाइट, जे स्फटिक असेल तर तेही सहापर्यंत जातं पण काजळीसारखं असेल तर बोटाला काळं लागतं, २. एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही. असल्या भुसभुशीत नमुन्याला आधी रेझिन पाजलं नाही तर घासताना पायरोल्युसाइट वाहून जातं आणि तुम्ही उरलेलं ब्राउनाइट मोजून "ब्राउनाइट प्रधान" लिहिता. वाहून गेलेल्या जागा रेझिनने भरलेल्या नसून रिकाम्या, काळ्या दिसतात, त्या मोजणीत धरा. चांगल्या पॉलिशने काय फरक पडतो त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे: बेलडोंगरीच्या खनिजाला फर्मर या भूवैज्ञानिकाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला व्रेडेनबर्गाइट नाव दिलं, आणि पुढे पॉलिश सेक्शनमध्ये पाहिल्यावर कळलं की ते एक खनिज नाहीच, जेकबसाइट आणि हॉसमनाइट एकमेकांत विणलेले आहेत. पट्ट्या दिसतात, जेकबसाइट आयसोट्रोपिक, हॉसमनाइट निकॉलमध्ये उजळतं आणि आतून रक्तासारखी लाल चमक देतं. उठाव जास्त असलेल्या ब्लॉकमध्ये हेच बघा, नुसती खरखर दिसेल.

पावसाळ्यात तक्रार बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतला बोर्नाइट (तांब्याचं खनिज) असलेला ब्लॉक संध्याकाळी घासून ठेवला की सकाळी जांभळा. ताजा बोर्नाइट गुलाबी-तपकिरी असतो, हवेने काळवंडत जातो, दमट हवेत तर तासांचा हिशोब. चॅल्कोसाइट, नेटिव्ह चांदी यांचीही तीच गत. आणि मग कडेने निळं दिसलं की कोव्हेलाइट लिहितात. निकॉल क्रॉस करा, खरं कोव्हेलाइट पेटलेल्या निखाऱ्यासारखं केशरी होतं, चुकायची सोयच नाही. तसं झालं नाही तर एक तर काळवंड आहे नाहीतर डायजेनाइट, तेही निळसरच आणि आयसोट्रोपिक. दोघांत निवाडा करायला अॅल्युमिनावर अर्धा मिनिट फिरवून लगेच, म्हणजे चहाच्या आधी, बघायचं. ठेवायला डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणाचं भांडं, आणि त्यातली सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० ला भाजून घ्यायची. जेल भाजायची, ब्लॉक नाही. एकाने दोन्ही एकत्र टाकले होते.

मायक्रोस्कोपच्या बाजूचं फार नाही. थिन सेक्शनच्या (काचेवर चिकटवलेल्या दगडाच्या पातळ चकत्यांच्या) मायक्रोस्कोपवरचं ०.१७ लिहिलेलं ऑब्जेक्टिव्ह ब्लॉकवर लावलं की ४०एक्सला सगळं धुक्यातलं दिसतं, आपल्या ब्लॉकवर कव्हरस्लिप नसते, त्याला वेगळं ऑब्जेक्टिव्ह. दिवा कमी व्होल्टेजवर ठेवला की गॅलेना पिवळट होतं, निळा फिल्टर लावून आधी गॅलेना पांढरं करून घ्या, मग बाकीच्यांचे रंग लिहा. स्टेज फिरवताना फोकस जात असेल तर ब्लॉक तिरका आहे. प्लास्टिसीनच्या गोळ्यावर ठेवून लेव्हलिंग प्रेसने नीट दाबला तरी मेमध्ये प्लास्टिसीन ढिलं पडून अर्ध्या तासात ब्लॉक कलतो, आम्ही उन्हाळ्यात थर पातळ ठेवतो आणि दर थोड्या वेळाने परत दाबतो.

आणि बाप्पा, गॅलेनाचा गाळ म्हणजे शिसं आहे. हातमोजे घाला, कोरडं घासू नका, गाळ वेगळ्या डब्यात जमा करा, बेसिनमध्ये सोडू नका. तशाच हातांनी कोपऱ्यावर तर्री पोहे खायला जाणारे पोट्टे आमच्याकडे आता दारातूनच परत पाठवले जातात, काका हात हुंगून बघतात.

त्या पोरीच्या ब्लॉकचं सांगायचं राहिलं. मेणबत्ती लावून परत घासला, या वेळी तिच्याच हाताने, काका बाजूला उभे. "जोर नको लावू पोरी, त्याले झोपवून राहिली का मारून राहिली?" दुसऱ्या दिवशी बघितलं तर करडे ठिपके जवळपास सगळे गेलेले. तीन राहिले. गोलसर कडेचे, एक तर डोलोमाइटच्या सीमेवर बसलेला, आणि निकॉल क्रॉस केल्यावर तिन्ही आतून मधासारखे पिवळे. तिने डोळा काढला नाही बराच वेळ. मग म्हणाली, "सर, ती दोन पानं फाडू का?" मी म्हटलं फाडू नको, वर काट मार आणि तारीख टाक. मी पण माझ्या सहीवर काट मारली.